रविवारची सुट्टी

हा अंक जुळवत असताना माझ्याच घरात एक प्रसंग घडला. तो सांगितल्याशिवाय या पानावर दुसरं काही लिहावंसं वाटेना. प्रसंग तसा साधाच. ज्यांच्या घरी कामाला बाई येते, त्या प्रत्येकीच्या घरी घडू शकेल असा.

शनिवारची दुपार होती. अंकाच्या कामासाठी आम्ही पाचसहा जणी जमलो होतो. विषय होता बायकांच्या बिनपगारी कामाचा. घरकामाला मोल का नाही, यावर मी तावातावानं बोलत होते. आत मावशी भांडी घासत होत्या. काम आटोपलं, तशा पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ताई, एक सांगायचं हुतं. फुडल्या महिन्यापास्नं मी रविवारची येणार न्हाई. चारी रविवार."

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अहो मावशी, रविवारीच कसं? रविवारी सगळे घरी असतात, काम जास्त असतं. मधला एखादा वार घ्या ना."

त्या म्हणाल्या, "माझ्याबी घरी रविवारीच समदे असत्यात, ताई."

एवढं बोलून त्या गेल्या. आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही. मी समोरचे कागद उगाच चाळत बसले. कागदावर मथळा होता 'बाईच्या वेळेची किंमत'.

ज्यांना मी मावशी म्हणते, त्या माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत. साऱ्या सोसायटीच्या त्या मावशीच. सहा घरी भांडी, फरशी, कपडे. पहाटे उठून स्वतःच्या घरचं पाणी भरायचं, डबे करायचे, मग आठ वाजता पहिलं घर. दुपारी दोनला सहावं घर संपतं. संध्याकाळी त्यांतल्याच तीन घरी पुन्हा भांडी. आता आमच्या फाटकावर ॲप आलं आहे. मावशी आत आल्या की माझ्या मोबाईलवर सूचना वाजते, बाहेर पडल्या की पुन्हा वाजते. त्यांच्या येण्याजाण्याची मिनिटाबरहुकूम नोंद होते. मात्र वर्षभरात त्यांना हक्काच्या किती रजा मिळाल्या, याची नोंद कुठेच नाही. माझ्या वहीतही नव्हती. वहीत होते ते खाडे.

आमच्या घरात पूर्वीपासून समानता आहे, असं मी आजवर समजत आले. नवरा चळवळीतला. ऐंशीच्या दशकात तो रविवारी पोहे करायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं भारी कौतुक वाटायचं. माझ्या रोजच्या पोळ्यांचं कौतुक करायला मात्र कधी कुणी आलं नाही. पुढे मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, मुलं मोठी झाली, बाई लागली. घरातली भांडणं कमी झाली. आम्हाला वाटलं, प्रश्न सुटला. आज मागे वळून पाहते तेव्हा दिसतं, की कामाची वाटणी आमच्यात झालीच नव्हती. माझ्या वाट्याचं काम मी दुसऱ्या एका बाईच्या वाट्याला लावून दिलं होतं आणि उरलेलं काम डोक्यात वागवत होते. गॅसचा नंबर लावणं, तो आल्यावर मोबाईलवरचा आकडा सांगणं, सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्या हे ध्यानात ठेवणं, धोब्याचा हिशेब. नवऱ्यानं कधीही कशाला नाही म्हटलं नाही. "सांग, मी मदत करतो," असंच तो म्हणायचा. पण मदत दुसऱ्याच्या कामात करतात. आपल्या स्वतःच्या कामाला कुणी मदत म्हणत नाही.

हे माझ्या एकटीच्या घरचं नाही, हे आकडे सांगतात. आपल्याकडे २०१९ साली वेळेच्या वापराची देशभर सरकारी पाहणी झाली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्या कामाला दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. पुन्हा पाहणी झाली २०२४ साली. तेव्हा बायकांची मिनिटं निघाली २८९ आणि पुरुषांची ८८. बायकांची दहा मिनिटं वाचली तशी पुरुषांचीही नऊ वाचली. अंतर होतं २०२ मिनिटांचं, ते झालं २०१ मिनिटांचं. पाच वर्षांत एक मिनिट! मधल्या काळात २०२० ची टाळेबंदी होऊन गेली, सारा देश घरात बसला, पुरुषांनी केर काढतानाचे फोटो एकमेकांना पाठवले. ते केर काढणं आकड्यांत शोधून सापडत नाही.

टाळेबंदीचा विषय निघालाच आहे, तर माझंही एक सांगते. सोसायटीनं तेव्हा कामाच्या बायकांना फाटकावरच अडवलं. मी मावशींना दोन महिने पूर्ण पगार दिला, तिसऱ्या महिन्यात अर्धा. आपण किती उदार आहोत असं मला वाटलं होतं. माझ्या नवऱ्याचं निवृत्तिवेतन त्या तिसऱ्या महिन्यात अर्धं झालं नव्हतं.

आता रविवारकडे येते. ही सुट्टी आपल्याला इंग्रजांनी प्रेमानं दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी ती मागून, भांडून मिळवली. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत कामगारांची मोठी सभा भरली, सुमारे दहा हजारांची. त्या सभेत दोन कामगार बायकांनी भाषणं केली. त्या काळी दहा हजारांसमोर उभं राहून बाईनं आपल्या हक्काचं बोलणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९१ च्या कारखाने कायद्यानं आठवड्याची सुट्टी कामगाराचा हक्क झाली. ज्या सुट्टीसाठी बायका बोलल्या, ती घराच्या उंबऱ्याशी येऊन मात्र थांबली. घरात राबणारी बाई, मग ती स्वतःच्या घरात राबो की दुसऱ्याच्या, तिला रविवार म्हणजे जास्त काम.

पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. 'मोलकरीण' या शब्दाला 'घरकामगार' हा शब्द याच लढ्यांतून मिळाला. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आली, कल्याणाच्या योजना आल्या. किमान वेतन आणि आठवड्याची रजा आली नाही. जागतिक कामगार संघटनेनं २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला, त्यात आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांतीचा हक्क सांगितला आहे. भारतानं तो करार अजून मंजूर केलेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारला सांगितलं, की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट कशी असावी हे पाहायला समिती नेमा. मोर्चे निघत राहतील, निघालेच पाहिजेत. पण कायदा येईपर्यंत माझ्या घरात मला कुणी अडवलं होतं? मालकीण मीच होते. मोर्च्यात घोषणा देणारी मी आणि वहीत खाडे लिहिणारी मी, दोघींची गाठ त्या शनिवारपर्यंत पडलीच नव्हती.

मावशींना चारही रविवार सुट्टी दिली, पगार न कापता. 'दिली' असं लिहिलं खरं, पण त्यांनी ती घेतली, हे जास्त बरोबर.

पहिला रविवार वाईट गेला. दुपारपर्यंत मोरीत भांड्यांचा ढीग साचला. नवरा म्हणाला, "रविवारपुरती बदली बाई नाही का मिळणार?" मुलगा म्हणाला, "आजच्या दिवस बाहेरून मागवू." एकानं दुसरी बाई शोधली, दुसऱ्यानं मोटारसायकलवरून धावणारा दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा. त्याला तरी रविवार कुठे असतो! भांडी घासण्याचा विचार दोघांच्याही मनाला शिवला नाही. आणि मी काय केलं? पदर खोचला आणि घासायला बसले. अर्धी झाल्यावर माझं मलाच कळलं, की सुट्टीची किंमत पुन्हा एका बाईनंच मोजली. मी उठले. हात धुतले. ढीग तसाच राहिला. रात्री घरात चांगलंच वाजलं. चाळीस वर्षांच्या संसारात इतकं जुनं भांडण इतकं उशिरा झालं, याचं मला हसूही आलं.

आता सहा रविवार झाले. नवरा भांडी घासतो. कुकरची शिट्टी काढून धुवायची असते, हे त्याला सत्तराव्या वर्षी समजलं. मुलगा फरशी पुसतो, कोपरे राहतात. दोघेही अजून "आज काय काय करायचं आहे?" असं मलाच विचारतात, म्हणजे मुकादमी माझ्याकडेच आहे. लढाई जिंकली असं मी म्हणणार नाही. सोसायटीच्या मोबाईलवरच्या गटात माझ्यावर टीकाही झाली. "तुम्ही सवयी बिघडवता, मग आमच्याकडेही मागतात," असं एकीनं लिहिलं. ती स्वतः बँकेत नोकरी करते आणि रविवारी तिची बँक बंद असते. तिच्यावर मला रागावता आलं नाही. तिच्या घरीही पोहे करून कौतुक करून घेणारा कुणीतरी असणार, आणि मावशी आल्या नाहीत तर पदर तिलाच खोचावा लागणार. मावशींचा रविवार आणि तिचा रविवार एकमेकींच्या विरोधात उभे आहेत असं तिला वाटतं, कारण घरातला तिसरा माणूस हिशेबात धरायची आपल्याला सवयच नाही.

मावशी रविवारी काय करतात, असं मी एकदा विचारलं. लेकीच्या घरी जाऊन नातवाला भेटत असतील, देवळात जात असतील, असं काहीसं माझ्या मनात होतं. त्या म्हणाल्या, "काय न्हाई. दुपारची झोपते." आणि मग जरा थांबून, "पन घरातबी भांडी हाईतच की ताई." त्यांच्या घरची भांडी कोण घासणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते उत्तर त्यांनी, त्यांच्या घरातल्यांनी आणि आपण सगळ्यांनी मिळूनच काढायचं आहे.

तर मैत्रिणींनो, एक विनंती. येत्या रविवारी एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा, कामाला येणाऱ्या बाईचंही लिहा. मावशी, बाई असं नको, तिचं खरं नाव लिहा. माहीत नसेल तर आधी विचारा. प्रत्येकापुढे त्या दिवशी त्यानं किंवा तिनं किती मिनिटं काम केलं आणि किती मिनिटं विसावा घेतला, ते मांडा. बेरीज पाहून घरात काय बोलणं झालं, ते आम्हाला कळवा. भांडण झालं असेल तर तेही कळवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.

संपादक मंडळाच्या वतीने