गुलाबाचे चित्र आणि दोन गवाह

रमजानमध्ये मोबाइलवर एक चित्र दरवर्षी फिरते. काळ्याभोर आकाशात फुललेला लाल गुलाब. खाली मजकूर असतो, की सूरह रहमानमध्ये कयामतच्या आकाशाचे जे वर्णन आहे ते शास्त्रज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले. सुबहानल्लाह म्हणा आणि दहा जणांना पाठवा.

आम्हीही पाठवले. एवढ्यावर थांबलो नाही. इथे राहुरीत नववीच्या वर्गातही ते चित्र दाखवले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, हा रंग खरा आहे का? कोणी डोळ्यांनी पाहिलाय?” आमच्याकडे उत्तर नव्हते. वीस वर्षे शिकवूनही आम्ही खातरजमा न करता वर्गात उभे राहिलो, याची शरम वाटली. त्या दिवसापासून थोडे थोडे वाचत गेलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

ते चित्र ‘मांजराचा डोळा’ नावाच्या बिंबाभ्रिकेचे आहे. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की आपली बाहेरची आवरणे अवकाशात सोडून देतो. आत उरलेला तप्त गाभा त्या वायूला उजळवतो. जुन्या दुर्बिणींतून असा मेघ ग्रहाच्या गोल बिंबासारखा दिसे, म्हणून हे नाव पडले. ग्रहांशी त्याचा काही संबंध नाही. हा दिवा फार तर काही दशसहस्र वर्षे जळतो, मग वायू विखुरतो आणि गाभा श्वेतबटू होऊन थंड होत जातो. आपल्या सूर्याचीही सुमारे पाचशे कोटी वर्षांनी हीच गत होणार, असे शास्त्र सांगते.

आता रंगाचे. हबल दुर्बिणीने १९९४ साली या अभ्रिकेची छायाचित्रे वेगवेगळ्या फिल्टरमधून घेतली. गाजलेल्या चित्रातले हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचे तिन्ही प्रकाश मुळात तांबडेच होते. ते एकमेकांपासून ओळखू यावेत म्हणून चित्र तयार करताना एकाला लाल, एकाला निळा आणि एकाला हिरवा रंग दिला. साध्या दुर्बिणीला डोळा लावला तर ही अभ्रिका निळसर-हिरवी दिसते. म्हणजे आमचा गुलाब हिरवा निघाला!

या हिरव्या रंगाची हकीकत त्या गुलाबापेक्षा सुरस आहे. १८६४ साली लंडनच्या विल्यम हगिन्स यांनी याच अभ्रिकेचा प्रकाश लोलकातून पाहिला. इंद्रधनुष्यासारखा पट्टा न दिसता मोजक्या चमकदार रेषा दिसल्या. त्यातल्या हिरव्या रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात पदार्थाशी जुळेनात. मग ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. साठ वर्षांहून अधिक काळ त्या रेषांचे कोडे सुटले नाही. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवून दिले, की हा आपल्या श्वासातलाच ऑक्सिजन आहे. फक्त त्याचे दोन इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात आणि वायू इतका विरळ असतो, की पृथ्वीवर तशी स्थिती सहसा मिळत नाही.

याच हिरव्या रेषेच्या आधारावर पुढे मोठा शोध लागला. मे महिन्यात ईशाच्या नमाजनंतर गच्चीवर जा आणि जवळजवळ डोक्यावर पाहा. तिथे सिंह राशीच्या शेपटीचा तारा दिसेल. मराठीत त्याला उत्तरा फाल्गुनी म्हणतात. इंग्रजीतले डेनेबोला हे नाव अरबी ‘ज़नब अल-असद’ म्हणजे सिंहाची शेपटी यावरून आले. त्याच्या थोडे पूर्वेला अंधारी, रिकामी वाटणारी जागा आहे. तिथे सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर कन्या दीर्घिकासमूह आहे. त्यात हजाराहून अधिक दीर्घिका आहेत आणि मोठ्या दीर्घिकांत अब्जावधी तारे.

शास्त्रज्ञांना प्रश्न पडला होता, की दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत तारे असतील का? दीर्घिका एकमेकींजवळून जाताना ओढाताणीत काही तारे निसटून बेघर होत असणार. पण इतक्या दूरचा सूर्यासारखा एकटा तारा दिसणार कसा? इथे मरता तारा मदतीला येतो. बिंबाभ्रिका आपल्या ताऱ्याच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा त्या एकाच हिरव्या रेषेत ओतते. म्हणून आकाशाच्या एकाच तुकड्याची दोन छायाचित्रे घ्यायची. एक फक्त तो हिरवा प्रकाश येऊ देणाऱ्या फिल्टरमधून, दुसरे तो हिरवा प्रकाश वगळणाऱ्या फिल्टरमधून. पहिल्यात असलेला आणि दुसऱ्यात नसलेला ठिपका हा उमेदवार.

१९९६ साली माग्दा अर्नाबोल्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समूहातल्या एम ८६ दीर्घिकेभोवतीच्या १९ बिंबाभ्रिकांचे वेग प्रसिद्ध केले. ही दीर्घिका आपल्याकडे सेकंदाला दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने येते आहे. पण १९ पैकी ३ ठिपके सेकंदाला तेराशे-चौदाशे किलोमीटरने दूर जात होते, म्हणजे साधारण सगळ्या समूहाच्या वेगाने. ते एम ८६ चे नव्हतेच. मधल्या पोकळीतले होते.

आता सगळे हिरवे ठिपके बेघर तारेच, असे जाहीर करायचा मोह झाला असता. त्यांनी तसे केले नाही. मोठ्या दुर्बिणीतून वर्णपट तपासणे चालू राहिले आणि २००० साली रोल्फ कुद्रित्स्की यांच्या गटाला अशा उमेदवारांत नऊ ठिपके भलतेच निघाले. त्या अकराशे कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिका होत्या. त्यांचा अतिनील प्रकाश विश्वाच्या प्रसरणाने ताणला जाऊन नेमका त्याच हिरव्या जागी येऊन बसला होता.

मग खरा कोण आणि तोतया कोण? ऑक्सिजनची ती हिरवी रेषा एकटी नसते. तिच्या शेजारी दुसरी रेषा असते, तेजाने सुमारे एक तृतीयांश. दोन्ही मिळाल्या तर साक्ष पक्की. हे वाचताना आम्हाला ईदचा चांद आठवला. आकाश ढगाळ असेल तर किमान दोन भरवशाचे गवाह लागतात. एकाने सांगितले म्हणून ईद होत नाही.

खातरजमा आपल्याला परकी नाही. सूरह हुजुरातमध्ये आलेली बातमी पारखून घेण्याची ताकीद आहे. हदीसच्या आलिमांनी एकेका रिवायतीची सनद तपासण्यात आयुष्ये घालवली. सन ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी ताऱ्यांवरचा आपला ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा टॉलेमीची यादी नुसती उतरवून घेतली नाही. ताऱ्यांचे तेज स्वतः पाहून दुरुस्त्या केल्या. देवयानीतल्या ज्या अंधुक ‘छोट्या ढगा’ची त्यांनी नोंद केली, ती आपल्या शेजारची मोठी दीर्घिका आहे, हे जगाला विसाव्या शतकात कळले.

आयतीवरचा आपला ईमान कोणत्या चित्रावर उभा नाही. उलट चुकीचे चित्र पुरावा म्हणून मुलांपुढे ठेवले, तर उद्या त्यांना खरे कळते आणि त्यांचा विश्वास चित्राबरोबर आपल्यावरूनही उडतो. भीती आहे ती याची.

आम्ही वर्गात जाऊन चूक कबूल केली आणि त्या मुलीचे सर्वांसमोर आभार मानले. घरच्या ग्रुपवरही लिहिले. एक-दोघे नाराज झाले. एका चाचांनी विचारले, “मग आकाशात पाहण्यासारखे काहीच नाही का?” आम्ही म्हटले, चाचा, खूप आहे. मेमध्ये गच्चीवर या, सिंहाची शेपटी दाखवतो.

पुण्याच्या आयुका संस्थेची गिरवलीला दोन मीटरची दुर्बीण आहे. तिला वर्णपट घेणारे यंत्र जोडलेले आहे. राहुरीहून काही फार लांब नाही. आमच्या वर्गातली एखादी मुलगी एक दिवस अशा यंत्रापाशी बसावी, ही दुआ आहे. त्या मागच्या बाकावरच्या मुलीने पहिली पायरी तर चढलीच आहे.