सोयाबीन बाजारात, ताटात नाही

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याने सोयाबीनला आपलेसे केले; त्याच्या स्वयंपाकघराने मात्र अद्याप केलेले नाही. धाडसारख्या गावाच्या शिवारातील हे पीक काढणी होताच बाजाराची वाट धरते. तेल गाळले जाते आणि प्रथिनांनी समृद्ध पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला. अनेक बाजारांत प्रत्यक्ष दर त्याखालीच राहिला. ज्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आहेत, तो पिकविणाऱ्याच्याच मुलांच्या ताटात नसावा, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

उपाय अवघड नाही. रात्रभर भिजविलेले सोयाबीन सोलून वाटावे, दूध गाळून चांगले उकळावे. कच्च्या दाण्यातील पचनास बाधक द्रव्ये उकळण्यानेच निष्प्रभ होतात. कोमट झाल्यावर विरजण लावले की दही लागते. कॉकेशसमधील केफिरचे दाणेही हे दूध आंबवितात. मात्र दुग्धशर्करेवाचून ते क्षीण होतात, म्हणून अधूनमधून त्यांना गाई-म्हशीच्या दुधात ठेवावे लागते.

हे पेय गाईच्या दुधाची जागा घेईल, असा दावा कोणी करू नये. त्यात कॅल्शियम कमी आहे, ब-१२ जीवनसत्त्व नाही. तान्ह्या बाळास तर ते देऊच नये. परंतु तेवढ्याने ते त्याज्य ठरत नाही. शाळांनी व महिला बचत गटांनी याची प्रात्यक्षिके घ्यावीत. बाजारभाव शेतकऱ्याच्या हाती नाही. पोत्यातील चार पायली घरात राखणे मात्र निश्चित आहे.