कुत्र्याची फेरी आणि भाताचा बांध : एक मागणीपत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य,
ग्रामपंचायत धसई, ता. मुरबाड, जि. ठाणे

प्रत : पशुधन विकास अधिकारी, पंचायत समिती, मुरबाड, तालुका आरोग्य अधिकारी, मुरबाड, परिसरातील सर्व फार्महाऊसमालक

विषय : पाळीव कुत्र्यांना फिरवताना होणाऱ्या घाणीचा बंदोबस्त

महोदय,

राब भाजून झाले आहेत, आता पावसाची वाट आहे. आवणी तोंडावर आलेली असताना हे पत्र देण्याचे कारण साधे आहे. एकदा पाणी चढले की बांधावरची घाण खाचरात उतरते, आणि मग ती कुणाच्या कुत्र्याची होती हे विचारण्यात काही अर्थ उरत नाही.

धसई ही आजूबाजूच्या गावपाड्यांची बाजारपेठ. मीठमिरचीपासून खतापर्यंत सगळे घ्यायला माणसे इथे येतात. १ डिसेंबर २०१६ रोजी रोकडविरहित गाव म्हणून आपले नाव वर्तमानपत्रांत झळकले, दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रे आली. त्या यंत्रांचे पुढे काय झाले तो विषय निराळा. पण नवीन रीत गावाला समजावून सांगितली तर गाव ती करून बघते, एवढे त्यातून दिसले, आणि आमच्या मागण्या त्याच भरवशावर आहेत.

कल्याण-डोंबिवली, ठाणे, मुंबईकडच्या अनेकांनी मुरबाड-शहापूर भागात जमिनी घेऊन घरे बांधली. शनिवारी गाडीतून माणसांबरोबर कुत्रीही उतरतात. काही ठिकाणी कुत्री कायम इथेच असतात आणि मालक तेवढे शनिवारी येतात. याला आमची काहीही हरकत नाही. आमच्यापैकी निम्म्यांच्या दारात कुत्रे आहे. हरकत आहे ती सकाळ-संध्याकाळच्या फेरीत ते जिथे बसते त्या जागेला. शेताचा बांध, खळ्याची कड, पेंढ्याच्या उडवीचा आडोसा, शाळेकडे जाणारी पायवाट. कुंपण नाही म्हणून जागा मोकळी, आणि मोकळी म्हणून कुणाचीच नाही, असा समज दिसतो. इथला प्रत्येक बांध कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर आहे.

तक्रार केली की एक उत्तर हमखास मिळते : तुमच्या शेतात शेण चालते, मग एवढेसे कुत्र्याचे का खुपते? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. गुरे गवत खातात, कुत्रे मांस खाते आणि मिळेल ते हुंगून चाटते. त्याच्या पोटात जे जंत वाढतात त्यांतले काही माणसाच्या आणि गुरांच्या अंगात शिरतात. गोलकृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतात. ती ताजी असताना बाधत नाहीत, त्यांना मातीत तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पण एकदा तयार झाली की ती वर्षानुवर्षे मातीत टिकतात, आणि मातीत खेळून तोच हात तोंडात घालणाऱ्या पोरांच्या पोटात जातात. अंकुशकृमीला तर तोंडाचीही गरज नाही. ओल्या, उबदार मातीत आठवडाभरात त्याची पिल्ले तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. पायाला लाल, वळवळती रेघ उठते आणि रात्रभर खाज सुटते. आवणीला चिखलात कोण उतरते, आणि पायात काय घालून उतरते, हे ग्रामपंचायतीला सांगायला नको. वाकून रोपाची मूठ सोडवणाऱ्या बाईच्या बोटांना दर वेळी नुसता चिखलच लागतो असे नाही.

यातच आमच्या पहिल्या मागणीचे मूळ आहे. विष्ठा त्याच दिवशी उचलली तर अंडी तयार व्हायच्या आत ती मातीतून जाते. आठ दिवसांनी झाडू मारून तो फायदा मिळत नाही, कारण वरचा ढीग गेला तरी अंडी आणि पिल्ले मातीत उतरलेली असतात.

गुरांचे नुकसान वेगळे. कुत्र्यातून येणाऱ्या एका परजीवीमुळे गाभण गाई-म्हशी गाभडतात, आणि तो येतो विष्ठा लागलेल्या चाऱ्यातून व पाण्यातून. उडवीच्या कडेला कुत्रा रोज पाय वर करत असेल तर त्या बाजूचा पेंढा गुरे नुसता हुंगतात आणि सोडून देतात. पेंढा वर्षभर पुरवायचा असतो हे शहरातून आलेल्या माणसाला ठाऊक नसते, त्याचा राग नाही, म्हणून तर लिहून देत आहोत. लेप्टोचेही सांगून ठेवतो. तो रोग मुख्यतः उंदरांच्या मुतातून येतो, पण लागण झालेले कुत्रेही तो मुतातून सोडते. कुत्र्यांसाठी त्याची लस मिळते आणि ती दरवर्षी द्यावी लागते. सगळा दोष कुत्र्यांच्या माथी मारायचा नाही, पण खाचराच्या पाण्यात त्यांची भर नको.

आता मागण्या.

पहिली मागणी कुत्रे पाळणाऱ्या सगळ्यांकडे आहे, गावच्या आणि बाहेरच्या : कुत्र्याचे उरकणे आपल्या आवारात, आणि फेरी त्यानंतर. आज बहुतेक ठिकाणी उलटे चालते. कुत्र्याला बाहेर नेतात, ते बसले की काम झाले म्हणून लगेच घरी वळवतात. कुत्रे हुशार असते. बसले की फेरी संपते हे त्याला चार दिवसांत कळते, मग ते रोखून धरते आणि लांबवर, दुसऱ्याच्या बांधापर्यंत ओढत नेते. क्रम बदलला की सवय बदलते. आवाराच्या एका कोपऱ्यात जागा ठरवावी. सकाळी उठल्याबरोबर आणि खाणे झाल्यावर पाव ते अर्ध्या तासात, आखूड दोरीने तिथे न्यावे, उभे राहावे, इकडेतिकडे हिंडवू नये. दर वेळी एकच शब्द वापरावा. उरकले की तिथल्या तिथे भाकरीचा तुकडा द्यावा आणि मग फिरायला काढावे. दहा मिनिटे थांबून काही झाले नाही तर परत आणून थोड्या वेळाने पुन्हा न्यावे. चुकून घरात घाण केली तर मारू नये. मार खाल्लेले कुत्रे माणसासमोर बसायचे टाळते आणि आडोसा शोधते, म्हणजे पुन्हा आमची उडवी. सदनिकेत फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर वाढलेल्या कुत्र्याला मातीवर बसायला सुरुवातीला जमत नाही. त्याच्या त्या कोपऱ्यात काही दिवस जुना कागद अंथरावा आणि हळूहळू काढून घ्यावा.

एवढे करूनही ते वाटेत बसणारच. तेव्हा उचलायचे. कशाने, हेही सांगतो, कारण प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारून ती करवंदीच्या जाळीत भिरकावणे हा आता एक नवाच प्रकार दिसू लागला आहे. त्यापेक्षा न उचललेले बरे, निदान ते कुजते तरी. पावसाळ्यात सागाचे एक पान पुरते, हिवाळ्यात पळसाची दोन. उन्हाळ्यात झाडे निष्पर्ण असली तर रद्दी. उचलून आपल्या आवारात न्यायचे, ओढ्यात नाही.

दुसरी मागणी फार्महाऊसमालकांकडे आहे आणि आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. कुत्रे बहुतेक वेळा मालक फिरवत नाही, रखवालदार फिरवतो. तो आमच्यातलाच असतो, कुणी ठाकूर, कुणी कातकरी, कुणी कुणबी. बांधावर घाण दिसली की शेतकरी शिव्या त्यालाच घालतो. कुत्रे लवकर परत आणले की मालक त्यालाच विचारतो. त्याच्या हातात दोरीखेरीज काही दिलेले नसते. झाकणाचा पत्र्याचा डबा, लांब दांड्याचे खुरपे, हातमोजे आणि साबण मालकाने द्यावा. कुत्रे फिरवणे व उचलणे हे ठरवून दिलेले काम समजून त्याचा मोबदला पगारात धरावा. ज्याला नाही म्हणायचे आहे त्याला नाही म्हणता यावे. दुसऱ्याच्या कुत्र्याची घाण कोणत्या समाजाने उचलायची हे आजवर कुणी मोठ्याने सांगितलेले नाही, पण घडते ते सगळ्यांना दिसते, आणि या मागणीपत्रातून ती प्रथा पक्की व्हावी असे आम्हाला मुळीच नको. मालक आलेला असेल त्या दिवशी खुरपे मालकाच्या हातात असावे.

तिसरी, खड्ड्याची. ज्याच्याकडे कुत्रे त्याच्या आवारात दोन-अडीच हात खोल खड्डा हवा. विहीर, बोअरवेल आणि ओढ्यापासून लांब, पावसाचे पाणी शिरणार नाही अशा उंचवट्यावर. टाकल्यावर दर वेळी माती किंवा राख, वर फळी. भरला की बुजवून दुसरा. उकिरड्यात टाकू नये, कारण उकिरड्यातले खत शेतात जाते आणि आपण पुन्हा तिथेच येतो. ज्यांच्या घराला आवारच नाही, म्हणजे बाजारपेठेतली घरे, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीने गायरानाच्या कडेला एक सामाईक खड्डा आखून द्यावा.

चौथी मागणी ग्रामपंचायत आणि पशुसंवर्धन विभागाकडे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळलेल्या कुत्र्याचे जंतनिर्मूलन आणि लसीकरण ही मालकाची जबाबदारी आहे, आणि मोकाट कुत्र्यांची स्थानिक संस्थेची. दोन्हीसाठी वर्षातून दोनदा बाजारपेठेत शिबिर घ्यावे : एक आवणीच्या आधी, एक झोडणीच्या आधी. झोडणीआधीचे शिबिर २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी ठेवले तर रेबीजची लस आणि जंताचे औषध एकाच वेळी देता येईल. औषध देताना फीतकृमीवर चालणारेच आहे याची खात्री करावी, कारण साध्या जंताच्या गोळीने ती जात नाही.

फीतकृमीवरून पाचवी. बकरे कापल्यावर काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली पांढरट पिशवी निघते, ती मटणवाल्यांनी आणि नवसाची बकरी कापणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. ती कापून बाजूला फेकतात आणि कुत्रे खाते. त्या पिशवीतूनच कुत्र्याच्या पोटात फीतकृमी तयार होते, तिची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, शेळी ते गवत खाते आणि तिच्या काळजात पुन्हा पिशवी धरते. हीच गाठ माणसाच्या यकृतातही होते आणि ती काढायला शस्त्रक्रिया लागू शकते. आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा रोग घरोघरी होता. हाराल्ड क्राबे या डॅनिश संशोधकाने त्याची माहिती देणारी पुस्तिका लिहिली, ती १८६४ मध्ये घरोघर वाटली गेली, १८६९ मध्ये कायदा झाला, गाठी असलेले अवयव कुत्र्यांपासून लांब ठेवायची सवय लोकांना लागली, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत रोग जवळजवळ नाहीसा झाला. आमची मागणी त्याहून सोपी आहे. मटणाच्या दुकानांमागे आणि गावदेवीच्या जागेजवळ झाकणाचे खोल खड्डे असावेत आणि कापल्यानंतरचा टाकाऊ भाग तिथेच जावा. निदान गटारीच्या आधी ते व्हावेत, कारण त्या दिवसांत एकेका दुकानामागे काय साचते ते सर्वांना माहीत आहे. टाकाऊ मांसावर मोकाट कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हाही हिशेब त्यात धरावा.

सहावी. पिण्याच्या विहिरीचा परिसर, शाळेचे मैदान, आणि झोडणीच्या दिवसांत खळी, एवढ्या जागी दोरी लावलेले कुत्रेही नेऊ नये. यासाठी चार पाट्या पुरतात. मजकूर मराठीत असावा आणि त्यात धमकी नको.

दंडाबद्दल आमच्यात बरीच वादावादी झाली. मुंबईत महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याची घाण न उचलल्यास ५०० रुपये दंड ठेवला गेला. न्यूयॉर्कने १९७८ मध्ये कायदा करून दंड लावला आणि तिथल्या रस्त्यांत फरक पडला. काही सभासदांना इथेही तेच हवे होते. पण आमच्याकडे दंड कोण वसूल करणार आणि कुणाकडून? पकडला जाईल तो पुन्हा दोरी धरणारा रखवालदारच. म्हणून पहिले वर्ष दंड नको अशी आमची सातवी मागणी आहे. त्याऐवजी कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येकाची, फार्महाऊससह, ग्रामपंचायतीत विनामूल्य नोंद व्हावी : मालकाचे नाव, लसीची तारीख, खड्डा आहे की नाही. वर्षानंतर नोंद बघून दंडाचा विचार ग्रामसभेने करावा, आणि तो झालाच तर जागेच्या मालकावर व्हावा, नोकरावर नाही, हे ठरावातच लिहावे.

वरीलपैकी खड्डे आणि जंताच्या औषधाचे शिबिर आवणीपूर्वी व्हावे, उरलेल्या मागण्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात. बाजारपेठेतल्या सामाईक खड्ड्याच्या खोदाईसाठी आमचे सभासद श्रमदान करतील. ग्रामपंचायतीने जागा दाखवावी आणि फळी द्यावी. सभेच्या दिवशी फार्महाऊसमालकांनाही बोलवावे. ती सुट्टी असते, त्यामुळे बरेचसे इथेच असतील.

आपले,
धसई परिसरातील शेतकरी, पशुपालक व कुत्री पाळणाऱ्यांच्या संघटनेचे सभासद
(सह्या व अंगठे सोबतच्या कागदावर)