धरणाखालचे मासे आणि भाच्याचा ट्राउट

"धरण झाले की मासे वाढतात" हे वाक्य मी आजवर इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की ते आता म्हणीच्या पुस्तकात घालायला हरकत नाही. पुढारी म्हणतात, अधिकारी म्हणतात, आणि या दिवाळीत फिनिक्सहून फोन करून माझा भाचाही तेच म्हणाला. स्वारी नोव्हेंबरात अ‍ॅरिझोनातल्या लीझ फेरी या ठिकाणी गळ टाकायला गेली होती. तिथे ग्लेन कॅन्यन धरणाच्या खाली कोलोरॅडो नदी काचेसारखी नितळ वाहते, आणि त्यात ट्राउट नावाचा मासा मिळतो. गळाला गांडूळ लावायचे नाही. पिसे नि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा पाण्यावर अलगद सोडायचा. मासा धरायचा, फोटो काढायचा, परत पाण्यात सोडायचा. (आमच्या पवनीला असे कुणी केले असते तर घरच्यांनी वैद्य बोलावला असता!) असो. भाचा म्हणाला, "मावशी, हे सगळं धरणामुळे. तुमच्या पेंचचंही असं करता येईल."

मंडळी, याचे उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट. लीझ फेरीचा ट्राउट त्या जागेचा मूळ रहिवासी नाही. कोलोरॅडो ही मुळात गढूळ, उन्हाळ्यात कोमट, पुरात बेफाम होणारी नदी. १९६३ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि जलाशयाच्या तळाचे गार पाणी खाली येऊ लागले. ट्राउट हा गार पाण्याचा मासा. तो आणून सोडला आणि तो रमला. पण त्या नदीचे स्वतःचे जे मासे होते, कुबडवाला चब, माणसाएवढा वाढणारा पाइकमिनो, त्यांना ते गार पाणी मानवले नाही. १९६७ पासून ते संकटग्रस्तांच्या यादीत गेले. चब २०२१ मध्ये एक पायरी वर चढला, इतकेच. म्हणजे धरणाने मासे वाढवले हे खरे नाही. एका माशाचे घर मोडून दुसऱ्याला भाड्याने दिले, हे खरे.

आता आपल्याकडे या. आपले रोहू, कतला, मरळ, वाम हे उबदार पाण्याचे जीव. तळाचे गार, प्राणवायू कमी असलेले पाणी त्यांच्या अंगावर सोडून त्यांचे भले होत नाही. जलाशयात मत्स्यबीज सोडले की टनावारी मासळी निघते हे मला मान्य आहे. पण ती तळ्यातली शेती झाली. ती नदीची मासळी नव्हे. रोहू-कतला पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट चढून अंडी घालतात. मध्ये भिंत उभी केली की तो रस्ता बंद. जलाशयातले उत्पन्न दाखवून नदीचा प्रश्न मिटला म्हणणे म्हणजे कोंबड्यांची संख्या मोजून चिमण्या वाढल्याचे जाहीर करणे.

आणि ज्या हंगामाबद्दल भाचा बोलत होता, तो हिवाळ्याचा आरंभ, नेमका तोच आपल्या नद्यांचा नाजूक काळ. माझे माहेर वैनगंगेकाठचे. कार्तिक लागला की पाणी निवळते, खडकांवर शेवाळ धरते, त्यात किडे, झिंगे, पिल्ले. वरची धार बारीक होते, पण एक डोह दुसऱ्या डोहाला जोडून ठेवण्यापुरती ती असते. उन्हाळ्यात मासा जगतो तो डोहात, आणि त्या डोहापर्यंत तो पोहोचतो या दिवसांत. ही धार कार्तिकातच तुटली तर मासा जिथे आहे तिथे अडकतो. मग तो बगळ्याचा, नाहीतर ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांचा.

धार का तुटते? पेंचचे पाहा. छिंदवाड्याकडून येणारी ही नदी तोतलाडोहला अडते. तिथे १६० मेगावॅटचे वीजघर आहे. त्यातून पाणी निघते ते नवेगाव खैरीच्या जलाशयात येते. खैरीहून ते दोन वाटांनी जाते: कालव्यांनी रब्बीला, आणि नळांनी आम्हा नागपूरकरांच्या घरात. सदरला माझ्या मोरीत जे पाणी पडते ते बहुतांशी तेच. खैरीच्या खाली बिना संगमापर्यंत, जिथे पेंच कन्हानला मिळते, तिथवरच्या नदीला काय मिळते? दरवाजे बंद असले की पाझर आणि ओहोळ. चौराईचे धरण वर झाल्यापासून तर तोतलाडोहलाच कमी येते. २०१९ च्या जुलैत नागपुरात एक दिवसाआड नळ आले होते ते आठवत असेल.

माझा एक जुना विद्यार्थी, जातीने ढिवर, आता साठीला आला आहे. मंगळवारी बाजारात भेटला. तिथे बर्फाच्या पेट्यांत आंध्रची मासळी उतरते, तीच तो विकतो. मी विचारले, नदीवर जात नाहीस? म्हणाला, "नदी नळासारखी झाली जी बाई. कोणी तोटी फिरवली का येते, नाही फिरवली का नाही." धरणांवरचे पुष्कळ वाचले, पण इतके नेमके कुठे वाचल्याचे स्मरत नाही.

ज्यांची ही नदी होती त्यांचे काय झाले, तेही कागदावर आहे. मध्य प्रदेशच्या बाजूला राष्ट्रीय उद्यान झाल्यावर नदीत मासे मारण्याचा परंपरागत हक्क गेला, त्या बदल्यात ३०५ कुटुंबांना तोतलाडोह जलाशयात मासेमारीचे परवाने दिले गेले. त्यावर प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ साली न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, पण ओळखपत्रे, ठरलेल्या वाटा, काठावर चूल पेटवायची नाही, अशा अटी घातल्या. वाघासाठी नियम हवेत, मी वाघाच्या विरुद्ध नाही. पण माझ्या मनात एक हिशेब राहतोच. डोंग्यातल्या माणसाला एवढ्या अटी, आणि नदीचा प्रवाहच बंद करणाऱ्या दरवाजाला किती?

इथे भाच्याच्या अमेरिकेचे एक मात्र घ्यावेसे वाटते. ट्राउट नको, शिस्त हवी. तिथे १९९२ साली ग्रँड कॅन्यनच्या रक्षणाचा कायदा झाला. पुढे १९९६ मध्ये ठरले की धरणातून दिवसा किमान ८,००० आणि रात्री किमान ५,००० क्युसेक सोडायचेच, विजेची मागणी असो वा नसो. त्याच वर्षी नदीला वाळूचे काठ परत मिळावेत म्हणून मुद्दाम आठवडाभर ४५,००० क्युसेकचा पूर सोडला. आणि आज, या घटकेला किती पाणी वाहते आहे, ते भाचा घरी बसून बघतो, मग गाडी काढतो. नदीचा आकडा तिथे सर्वांचा आहे.

आपल्याकडे आकडे नाहीत असे नाही. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१७ मध्ये सर्व राज्यांना सांगितले की नद्यांत कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी राहिले पाहिजे. २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्राने गंगेसाठी महिनावार टक्केवारी काढली. नोव्हेंबर ते मार्च २० टक्के. गंगा पवित्र आहेच. पण पेंच, कन्हान, वैनगंगा काय सावत्र आहेत? अंभोऱ्याला जिथे कन्हान वैनगंगेला भेटते, तिथे मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' लिहिला असे आम्ही विदर्भातले लोक मानतो (आंबेजोगाईकर भांडतील, भांडू देत). मराठीचा आद्यग्रंथ सांगणारा तो काठ आज गोसीखुर्दच्या फुगवट्यात आहे, आणि त्या पाण्यात आमच्या नागनदीची घाण कन्हानमार्गे येऊन पडते. नागनदीच्या शुद्धीकरणाच्या १,९०० कोटींवरच्या प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. चांगले आहे. पण वाहते पाणीच नसेल तर शुद्ध काय करायचे?

"बाई, मासे महत्त्वाचे की माणसे?" हा प्रश्न येणार, मला ठाऊक आहे. चाळीस मुलांच्या वर्गात असा एक तरी चतुर असतोच. त्याला मी गणित घालते.

कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांसाठी भांडेवाडीचे शुद्ध केलेले सांडपाणी दिले जाते, दिवसाला १३० दशलक्ष लिटरची ती योजना. म्हणजे तितके नदीचे ताजे पाणी वाचायला हवे. त्याचा प्रवाह काढा: सेकंदाला सुमारे दीड घनमीटर, म्हणजे ५३ क्युसेक. आता कार्तिक ते माघ, चार महिने, १२० दिवस, एवढीच धार खैरीखाली नदीत सोडली तर किती लागेल? १५.६ दशलक्ष घनमीटर. तोतलाडोहचा उपयुक्त साठा हजार दशलक्ष घनमीटरच्या वर आहे. दीड टक्का होतो. शंभर रुपयांतला दीड रुपया. त्यासाठी कुणाचा नळ बंद करावा लागत नाही, कुणाचा गहू वाळत नाही. आणि ही वाचवलेली ५३ क्युसेक नदीची होती; ती नदीला द्यायला भीक म्हणता येत नाही.

दरवर्षी पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते, रब्बीच्या आवर्तनांच्या तारखा पेपरात येतात. त्या बातम्या मी कात्रून ठेवते. पिण्यासाठी इतके, सिंचनासाठी इतके, उद्योगासाठी इतके. माझी मागणी एका ओळीची आहे: त्याखाली "नदीसाठी" अशी चौथी ओळ घाला, पुढे क्युसेकचा आकडा लिहा, आणि तो आकडा रोज कळेल असा लावा. ज्या वाचकांची मुले-सुना पाटबंधारे खात्यात आहेत (निदान तिघे मला माहीत आहेत) त्यांनी हे घरी वाचून दाखवावे. गणितात चूक असेल तर खाली लिहा. पायऱ्यांसकट लिहा, नुसते उत्तर चालणार नाही.