समास कातरू नका

नकाशा म्हटला की शाळेच्या भिंतीवर टांगलेला, अक्षांश-रेखांशांच्या जाळ्यात बसवलेला कागद डोळ्यांपुढे येतो. नकाशांचे दुसरेही एक कूळ आहे. त्यात मोजमापाला फारसा मान नाही; देऊळ डोंगराएवढे असते, नदीत मासे दिसतात आणि रस्त्याच्या कडेला माणसे बोलत उभी असतात. या चित्रनकाशांचा संग्रह करणारे रसिक पश्चिमेकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या छंदातून आपल्या जुन्या घराण्यांनी घ्यावा असा एक धडा आहे, असे आम्हांस वाटते.

लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी फ्रँक पिक यांनी १९१४ साली मॅकडॉनल्ड गिल या कलावंताकडून शहराचा एक विनोदी चित्रनकाशा काढवून घेतला. तो स्थानकांवर लागला आणि लोकांना इतका आवडला की पुढे विक्रीलाही ठेवावा लागला. याच गिलने १९४० मध्ये चहाच्या प्रचारासाठी साऱ्या जगाचा नकाशा रंगवला. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या थडग्यांवरची अक्षरेही त्याच्याच हातची. एवढे असून १९४७ साली तो वारल्यावर त्याचे नाव मागे पडले. शिल्पकार बंधू एरिक गिल यांचेच नाव लोकांच्या तोंडी राहिले. २०११ मध्ये ब्रायटन येथे प्रदर्शन भरले आणि मॅकडॉनल्ड गिल पुन्हा उजेडात आला. हे शक्य झाले ते घरच्या माणसांनी त्याची चित्रे नि कागद टाकून दिले नव्हते म्हणून.

अमेरिकेतही हेच दिसते. उरुग्वेत जन्मलेल्या जो मोराने १९२० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियाचे नकाशे काढले आणि त्यांच्या काठांवर त्या भूमीचा इतिहासच चितारला. असे नकाशे प्रवाशांना भुलवण्यासाठी छापले जात. हंगाम सरला की ते केराच्या टोपलीत जात. एथेल फेअर या ग्रंथपालबाईंनी ते शेकड्यांनी जमवले. आज तो संग्रह वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे.

आता आपल्याकडे वळू. ज्या विश्वेश्वराचे मंदिर आमच्या अहिल्यादेवींनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभारले, त्या काशीचा ‘काशीदर्पण’ नावाचा नकाशा १८७६ साली कैलासनाथ सुकुल यांनी छापला. घाट आणि देवळे यांनी तो गच्च भरलेला आहे. अंतर मोजायला तो निरुपयोगी खरा. पण काशी म्हणजे काय हे भाविकाच्या मनाला तो जसे सांगतो, तसे सर्वेक्षण खात्याचा कागद सांगणार नाही. आपले वाडवडील काशी-गयेला जात, नाशिक-पंढरपूरला जात. तिथून आणलेली अशी एखादी गुंडाळी इंदुरातल्या कुठल्या माळ्यावर वा ट्रंकेत नसेलच, असे कोण म्हणेल? वाडे पडत आहेत, त्यांच्या जागी इमारती उठत आहेत. आणि अशा वेळी रद्दीवाला नातवंडांच्या आधी दारात येतो.

म्हणून आमची विनंती एवढीच. असा कागद हाती लागला तर चौकटीत बसावा म्हणून त्याचे समास कातरू नका. चित्रकाराचे, छापखान्याचे नाव नि साल बहुधा त्या काठावरच असते. ते गेले की नकाशा पोरका झाला. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका, उन्हात टांगू नका. मागच्या बाजूस पेन्सिलीने हलकेच लिहा: कोणी आणला, कुठून, केव्हा. आजी-आजोबा आहेत तोवरच हे विचारून घ्यायला हवे.

किंमत पुढे कोणीही ठरवील. करणाऱ्याचे नाव मात्र एकदा कापले गेले की परत छापता येत नाही.