फिक्या रंगाचा पाहुणा



गेल्या दिवाळीत या पानावर आपण तुबलीच्या खाडीतली खारफुटी पाहिली. त्यानंतर एका काकूंनी मला दुकानात गाठून सांगितलं, "पुढच्या वेळी जरा घरातलं काहीतरी लिहा हो." काकू, हे घ्या. यंदा घरातलंच आहे, फक्त ते वेटोळं घालून बसतं.

झल्लाकला आमच्या कंपाउंडमध्ये चौदा वर्षांचा एक मुलगा राहतो. मी पूर्वी जीवशास्त्र शिकवत असे, म्हणून शाळेतली प्रत्येक शंका तो माझ्याकडे आणतो. श्रावणात एका संध्याकाळी तो फोन घेऊन आला. "मावशी, हा बघा. घोस्ट. मला असा हवाय." पडद्यावर एक बॉल पायथन होता, म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहानसा अजगर. घाबरला की तो अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो, म्हणून हे नाव. एरवी तो काळपट तपकिरी असतो आणि अंगावर पिवळसर डाग असतात. फोटोतला मात्र धुतल्यासारखा फिका होता, काळ्याच्या जागी राखाडी, पिवळं तसंच. मुलाच्या मागोमाग त्याची आई आली आणि आईच्या मागे आजी. आजींना कोणीतरी आधीच सांगितलं होतं, आणि तोही नेमका नागपंचमीच्या आठवड्यात. जो सण पाळताना घरात चिरायचं नाही, तळायचं नाही, त्याच घरात आता साप पाळायचा!

निवाडा माझ्याकडे आला. तुमच्याही घरी हा प्रश्न येईल. नसेल आला तर मुलांचा फोन एकदा बघा.

आधी रंगाचं. सापाच्या कातडीतला काळा-तपकिरी रंग मेलॅनिनमुळे येतो. ते अजिबात बनलं नाही तर पांढरा-पिवळा, लाल डोळ्यांचा अल्बिनो जन्मतो. कमी बनलं तर फिका, म्हणजे 'हायपो'. त्यालाच बॉल पायथनच्या बाजारात घोस्ट म्हणतात. प्रत्येक पिल्लाला आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन चिठ्ठ्या मिळतात. दोन्हींवर 'फिका' लिहिलेलं असेल तरच रंग उतरतो. एकीवरच असेल तर पिल्लू दिसायला नेहमीसारखं, पण चिठ्ठी पोटात बाळगून. अशांना पाळणारे 'हेट' म्हणतात. दोन हेटांची जोडी लावली तर सरासरी चारात एक पिल्लू फिकं निघतं. उरलेली तीन गडद. त्यातल्या दोघांकडे चिठ्ठी असते, पण कोणत्या दोघांकडे ते बघून कळत नाही. जाहिरातीत '६६ टक्के हेट' लिहितात ते हेच. पोरांनो, गणिताच्या पेपरात संभाव्यता आली की हे आठवा.

आता विचार करा. असा निराळ्या रंगाचा एकच साप रानात सापडला तर त्याची जोडी कोणाशी लावणार? आधी साध्या सापाशी लावतात. पिल्लं सगळी गडद. मग त्यातलंच एक परत त्याच आईशी किंवा बापाशी, नाहीतर भावाशी बहीण.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 'बाजीराव' हा पांढरा वाघ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. तो २०१९ मध्ये गेला. माणसाने पाळलेल्या पांढऱ्या वाघांची कहाणी रीवाच्या 'मोहन'पासून सुरू होते. १९५१ मध्ये महाराजा मार्तंडसिंहांनी तो बछडा पकडला. नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला झालेली पिल्लं सगळी पिवळी निघाली. मग त्याची जोडी त्याच्याच लेकीशी, राधाशी लावली आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे जन्मले. वाघात पिवळा रंग जातो आणि काळे पट्टे राहतात, हायपो अजगरात उलट, काळा उतरतो आणि पिवळा राहतो. पण जोड्या लावण्याची रीत तीच. पांढऱ्या वाघांचे तिरळे डोळे लोकांना गोड वाटतात. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा चुकीच्या वाटेने गेलेल्या असतात, म्हणून ते तसे असतात.

अजगरांकडे परत येते. अमेरिकेत १९९२ मध्ये बॉब क्लार्क यांनी अल्बिनो बॉल पायथनची पहिली पैदास केली आणि पुढे रंगांची रांगच लागली: पेस्टल, बनाना, आणखी कितीतरी. फिका घोस्ट तब्येतीने इतर बॉल पायथनांसारखाच असतो. पण त्याच दुकानात, त्याच कप्प्यात, 'स्पायडर' नावाचाही एक असतो. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी, दिसायला फार देखणा. या स्पायडरचं डोकं डुलतं. काहींचं थोडं, काहींचं इतकं की मान उलटी होते आणि भक्ष्यावर घातलेली झडप चुकते. २०२२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी त्यांचे सीटी स्कॅन केले, तेव्हा आतल्या कानाची तोल सांभाळणारी रचनाच बिघडलेली दिसली. नक्षी देणारी चिठ्ठीच तोलही बिघडवते. नक्षी ठेवून डुलणं काढायचं, हे आजवर कोणाला जमलेलं नाही.

आपल्या लोकांचा इथे घात होतो. साप डुलला की आपल्याला पुंगी आठवते. (तो नागही गाण्यावर डोलत नसतो, हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून असतो, पण ते असो.) मुलाने मला एक व्हिडिओ दाखवला आणि आजी कौतुकाने म्हणाल्या, "बघ कसा नाचतोय." तो नाचत नव्हता. मी दोघांना सांगितलं तेव्हा मुलगा बराच वेळ गप्प बसला. त्याच्या यादीत घोस्टच्या खाली स्पायडर होता.

मला पाळीव सापांबद्दल तक्रार नाही. बॉल पायथन शांत असतो, विषारी नसतो. अल अरीनला आपण मुलांना घेऊन जातो, तिथल्या पांढऱ्या अरबी ऑरिक्सलाही माणसाने जोड्या लावूनच वाचवलं आहे. १९७२ मध्ये तो रानातून संपला होता. पण त्यांच्या जोड्या लावताना जगभर वंशावळीची वही ठेवतात, जवळचं रक्त टाळावं म्हणून. सापाच्या दुकानात वही मागून बघा. आईबाप कोण, एकमेकांचे कोण लागतात, एवढंच विचारा. उत्तर मिळालं नाही, तर रंग कितीही सुंदर असो, परत फिरा.

उरलेल्या अडचणी आपल्या घरच्या. हा प्राणी वीस-तीस वर्षं जगतो. त्याला ३१-३२ अंशांचा उबदार कोपरा लागतो, आणि आपण तर एसी वीसवर ठेवून दुलई घेतो. तो उंदीर खातो, गोठवलेले. म्हणजे फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी! हे ऐकून आजी उठून गेल्या. जुलैत सगळे गावी जाणार, तेव्हा पाणी कोण बदलणार? आणि खरा प्रश्न वडिलांनी हळूच विचारला. करार दोन वर्षांचा आहे. संपला तर साप कुठे?

पुण्याला नेता येईल का? हा अजगर साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे सीमा ओलांडताना परवाने लागतात. भारतात आणायचा तर आयातीची परवानगी आणि मग सरकारदरबारी नोंदणी. सामानात लपवून नेण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर ऐका: डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या एका प्रवाशाच्या बिस्किटा-केकच्या पुड्यांतून ९ बॉल पायथन निघाले होते. आणि इथे वाळवंटात सोडून देणं म्हणजे त्याला मारणंच. आपला भारतीय अजगर तर पहिल्या अनुसूचीत आहे, तो पाळायचा विषयच नाही.

मुलाने दोन दिवसांनी येऊन सांगितलं, सध्या नको. बाबांच्या कराराचं कळलं की बघू. तोवर तो वही करतोय, कोणत्या जोडीला कशी पिल्लं होतील त्याचे चौकोन आखून. एका ठिकाणी त्याचं चुकलं होतं, मी दुरुस्त केलं. डिसेंबरात पुण्याला गेल्यावर कात्रजच्या सर्पोद्यानात जायचं ठरलं आहे. आजीही येणार आहेत, काचेच्या अलीकडून बघायला.

काचेची पेटी मात्र त्याने खाऊच्या पैशांतून आधीच घेतली होती, ती दुकानदार परत घेईना. परवा त्यांच्याकडे गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. आजींनी तिच्यात चकल्यांचे डबे रचून ठेवले होते.