निदानाआधीची अंगणवाडी

हाक मारली तरी वळून न पाहणारे, बोट दाखवून काही न मागणारे, गलका वाढला की कान झाकणारे मूल ‘हट्टी’ ठरते. ‘उशिरा बोलेल’ म्हणत घरचेही थांबतात. ही स्वमग्नतेची लक्षणे असू शकतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. पथकाला थोड्या वेळात जे दिसत नाही, ते सेविका रोज पाहते. तिच्या नोंदी पथकाने आधी वाचायला हव्यात.

पुढच्या तपासण्यांसाठी साकोलीहून भंडाऱ्याला, कधी नागपूरला जायचे, तर रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडते. फेऱ्या लांबतात आणि तीन ते सहा ही मोलाची वर्षे निसटतात. म्हणून वर्गातली मदत निदानासाठी अडवू नये. प्रार्थना, खेळ, खाऊ, घर हा दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवावा. एका वेळी एकच सूचना द्यावी, उत्तरासाठी थांबावे, शांत कोपऱ्यात चटई ठेवावी. पुढे निदान वेगळे निघाले, तरी यात मुलाचे नुकसान नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. तो हक्क वर्गात उतरायचा, तर सेविकेवर आणखी एक रजिस्टर लादण्याऐवजी तिला प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यायला हवे.